रुमाल टाकलेली सीट

मी आयर्लंडला हौसेने गेले होते, असं आमच्या शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये अजून सगळ्यांना वाटतं. "सासूला घेऊन आयर्लंड, कमाल आहे बाई तुझी," असं मला गणपतीच्या आरतीच्या रांगेतसुद्धा ऐकवून झालंय. मी नुसती हसते. खरं सांगायचं तर त्या सप्टेंबरात मला कुठेच जायचं नव्हतं. मला झोपायचं होतं. देश कुठलाही चालला असता, गादी कुठलीही चालली असती.

दोन हजार सहा साल असेल. ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते, म्हणजे दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांना राग येणार नाही अशा बेताने सांगायच्या. तो सगळा उन्हाळा एका रिलीजच्या मागे गेला. सकाळी डबे, मग ऑफिस, मग मुलीचं स्विमिंग, मग स्वयंपाक, आणि भांडी आवरतात न आवरतात तोच हैदराबादच्या टीमबरोबर कॉल. त्यात एप्रिलपासून सासूबाई आलेल्या. त्यांचा त्रास म्हणाल तर काही नव्हता, उलट भाजी निवडून, कणीक मळून ठेवायच्या. पण त्या दिवसभर घरात एकट्या आहेत, हे ओझं ऑफिसात माझ्या मानेवर बसलेलं असायचं. आमच्या भागात धड फूटपाथ नाही, गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. त्या बिचाऱ्या दुपारभर टीव्हीवर प्रवासाचे कार्यक्रम बघत बसायच्या. एकदा चहा घेताना म्हणाल्या, "आयर्लंड काय हिरवं आहे गं. डोळे निवतात बघून."

एवढंच म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या दिवशी दोघांचं बुकिंग करून टाकलं. शिकागोहून निघणारी आठवडाभराची टूर, तिकडे बस, बसमध्ये गाइड, आई आणि मुलगा. त्याची ही पद्धतच आहे. वेळ द्यायला जमत नाही, मग काहीतरी आणून देतो.

आणि मग त्याचं गो-लाइव्ह, म्हणजे ऑफिसातली नवी सिस्टिम सुरू करणं, नेमकं त्याच आठवड्यात आलं. त्याने स्वतःचं कॅन्सल केलं, माझं काढलं, आणि मला जेवताना सांगितलं.

"मला बस लागते," मी म्हटलं. "तुला माहितीये."

"गोळी घे ना. आणि एका अर्थी बरंच झालं. तो विषय तूच काढ तिथे. निवांत असेल ती."

तो विषय काय, ते आधी सांगायला हवं. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. आई पुण्यात आपल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अमेरिकेला यायच्या आधीच्या थंडीत त्या बाथरूममध्ये पडल्या आणि मनगट मोडलं. तेव्हापासून तिन्ही भावंडांचे दर रविवारी कॉन्फरन्स कॉल सुरू झाले. इकडून माझा नवरा, बंगलोरहून दीर, नाशिकहून नणंद. बरेच रविवार चर्चा करून ठरलं ते असं: फ्लॅट देऊन टाकायचा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तो मुलाच्या लग्नासाठी हवाच होता, आणि आई ऑक्टोबरात परतायच्या आत व्यवहार पक्का करायचा होता. आईंनी चार महिने आमच्याकडे, चार बंगलोरला, चार नाशिकला राहायचं. दीर ह्याला रोटेशन म्हणाला. सगळ्यांना समान वाटा, कोणाची तक्रार नको.

आमची बारा वर्षांची मुलगी तेव्हा सोफ्यावर आडवी पडून ऐकत होती. ती म्हणाली, "बट आजी हॅज अ हाउस, राइट?" फोनवर तिन्ही गावं गप्प झाली. मग दीर म्हणाला, "इट्स कॉम्प्लिकेटेड, बेटा," आणि पुढच्या मुद्द्यावर गेला.

ठरलं सगळं, फक्त आईंना सांगायचं राहिलं. नणंद म्हणाली दादाने सांगावं. दीर म्हणाला, ती अमेरिकेत आहे तर तिथल्यांनी सांगावं. आणि माझ्या नवऱ्याने ते माझ्या गळ्यात मारलं. "तू नागपूरची आहेस," तो म्हणाला. "तू तोंडावर बोलतेस. आम्हाला जमत नाही." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडावर बोलण्याचं सासरी पहिल्यांदा कौतुक झालं ते असं.

तर मी निघाले. बॅगेत कपडे, उलटीच्या गोळ्या, मेतकूट, चिवडा, आणि मनात ते एक वाक्य. ते कसं बोलायचं ह्याची मी विमानात तालीम केली. "आई, आम्ही सगळ्यांनी असा विचार केलाय..." इथपर्यंत यायचं आणि पुढे गाडी अडायची.

बसमध्ये आमच्याशिवाय सगळे शिकागो-मिलवॉकीकडचे रिटायर्ड लोक होते. कोणाचे पणजोबा ह्या गावचे, कोणाची पणजी त्या गावची. ड्रायव्हर आणि गाइड एकच माणूस, लाल गालांचा, जाडजूड, एका हाताने स्टिअरिंग फिरवत माइकवर विनोद सांगणारा. पहिल्याच दिवशी त्याने एक नियम सांगितला. पुढच्या काचेतून सगळ्यांनाच बघायचं असतं, म्हणून रोज सकाळी प्रत्येकाने दोन-दोन सीट सरकायचं, घड्याळाच्या काट्यासारखं. आज मागे असाल तर उद्या पुढे. शेवटची लांब सीट तेवढी सोडून द्यायची, ती कोट आणि छत्र्या ठेवायला. अमेरिकन मंडळींना हे तोंडपाठ होतं, अशा टूरवर सगळीकडे हेच असतं म्हणे. मला नवीन होतं, पण मी गोळी घेऊन पेंगत होते. मी आईंना काही समजावून सांगितलं नाही.

गोळीचा उपयोग शून्य. पहिल्याच दुपारी, डब्लिन सोडून तासभर होतो न होतो तोच, मी प्लास्टिकच्या पिशवीत ओकले. आम्ही मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत होतो. आई माझी पाठ चोळत राहिल्या आणि मग पर्समधून आलेपाकाची वडी काढून माझ्या तोंडात घातली. मला इतकं मेल्यासारखं झालं होतं की मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्ता करून बाहेर आले, तर बसच्या दाराशी पाच-सहा जण उभे. सगळे हसत होते, पण चढत कोणी नव्हतं. आत ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर एक रुमाल पसरलेला होता. सासऱ्यांचा, मोठा, चौकटीचा. मी बघताक्षणी ओळखला. आई नाश्त्याच्या आधीच खाली येऊन, ड्रायव्हर सामान चढवत असताना, आत जाऊन सीट धरून आल्या होत्या.

आमच्या आई पंचवीसएक वर्षं पुण्याहून सासवडला शाळेत शिकवायला जायच्या. रोज एस.टी.ने अप-डाऊन. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा आणि मग निवांत चढायचं, ही त्यांची आयुष्यभराची विद्या. टाकलेल्या रुमालावर कोणी बसत नाही, बसलं तर भांडण होतं आणि सगळी गाडी रुमालवाल्याच्या बाजूने बोलते. तो कायदा आयर्लंडला लागू नाही हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मीच सांगायला हवं होतं.

त्या दिवशी ती सीट एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. नवऱ्याच्या दोन्ही कानांत मशीन. बायको मला म्हणाली, काही हरकत नाही डिअर, बसू दे तिला. अशा वेळी समोरचा चांगला वागला की जास्तच कानकोंडं होतं. गाइडने तो रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी आईंच्या हातात दिला.

"मी आधी टाकला होता," आई मला म्हणाल्या, शांतपणे. जणू साक्ष देत होत्या.

"आई, इथे तसं नसतं. रोज बदलतात सीट. प्रत्येकाला पाळीपाळीने पुढे बसायला मिळतं."

"म्हणजे रोज उठायचं?"

"हो."

"मग आपली सीट कुठली?"

"आपली अशी कुठली नाही. सगळ्या सगळ्यांच्या."

त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि मागे गेल्या. मला त्यांचा रागच आला होता. इतक्या लोकांत शोभा. मी सीटवर डोकं टेकून डोळे मिटले, म्हणजे बोलावं लागू नये.

बस टूर म्हणजे आराम, असं ज्याने कोणी पसरवलं त्याला शोधून काढायला हवं. रोज नवं हॉटेल. सकाळी नाश्त्याच्या आधी बॅग भरून खोलीबाहेर ठेवायची, की ती परस्पर बसच्या पोटात जाते. एकदा आईंनी झोपेच्या भरात त्या दिवशी नेसायचं लुगडंसुद्धा बॅगेत भरून बॅग बाहेर ठेवली, आणि मला गाऊन-चपलांवर धावत जाऊन ती परत मागवावी लागली. बाथरूममध्ये रोज नवे नळ. रात्री जेवायला बटाटा, उकडलेला नाहीतर कुस्करलेला, त्यावर आमचं मेतकूट. आणि सकाळी बसमध्ये आईंचं बिऱ्हाड मांडणं. हुकाला पिशवी, जाळीत पाण्याची बाटली, पाठीशी छोटी उशी, मांडीवर शाल. सगळं लागेपर्यंत तास जायचा. दुसऱ्या दिवशी परत उचला आणि दोन सीट सरका. पहिले दोन दिवस त्या सगळं मांडायच्या. नंतर पिशवी मांडीवरच धरून बसायला लागल्या.

बाहेर हिरवं होतं, नाही म्हणत नाही. इतकं हिरवं की नंतर नंतर डोळ्यांना शिणवटा यायला लागला. दगडी बांध, मेंढ्या, पाऊस, परत बांध. मी एकेक दिवस पुढे ढकलत होते. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. "काढलास विषय?" मी म्हणायचे, उद्या.

मोहर नावाच्या समुद्राकाठच्या उंच कड्यांवर मी ठरवून टाकलं. समुद्र खाली कुठेतरी खोल, वारा असा की उभं राहणं मुश्कील. आई कठड्याला धरून उभ्या होत्या, लुगड्याचा पदर सरळ आडवा उडत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "आई, एक बोलायचं होतं. फ्लॅटबद्दल."

"काय म्हणालीस?"

"फ्लॅटबद्दल," मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कानाला हात लावून 'ऐकू येत नाही' अशी खूण केली. मी म्हटलं, काही नाही, शाल नीट घ्या. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

मग एका पडक्या घरापाशी बस थांबली. चार भिंती, छप्पर नाही, आत गवत वाढलेलं. दुष्काळात बटाटा कुजला तेव्हा ह्या भागातली कुटुंबंच्या कुटुंबं घर टाकून गेली, असं गाइडने सांगितलं. मी आईंना सांगितलं. त्या आत गेल्या. भिंतीत एक काळा पडलेला कोनाडा होता, तिथे हात ठेवून म्हणाल्या, "चूल इथे होती."

"हो ना."

"गेले कुठे सगळे?"

"अमेरिकेला."

"परत नाही आले?"

"नाही. हे काय, नातवंडं-पतवंडं आलीयेत की आपल्या बसमधून."

त्यांना हसू आलं. तेवढ्यात तो कानात मशीन लावलेला म्हातारा आत आला. त्याची पणजी ह्याच भागातली, पण हे घर तिचं नव्हे, ते त्यालाही माहीत होतं. तरी तो भिंतीला हात लावून उभा राहिला आणि रडायला लागला. त्याची बायको त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. आईंनी त्याला आलेपाकाची वडी दिली. त्याने ती निमूट तोंडात टाकली.

बसकडे परत येताना आई म्हणाल्या, "बघ हं, घर त्याचं नाही. त्याने कधी बघितलंही नव्हतं. तरी." त्या दिवशीही मी विषय काढला नाही. अशा घरातून बाहेर पडून तुमचा फ्लॅट देऊन टाकलाय असं कोण सांगेल? नागपूरची झाले म्हणून काय झालं.

टूर संपायला दोन दिवस राहिले तेव्हा सरकत सरकत आमची पाळी पुढे आली. पहिली सीट, मोठी काच, समोर सगळा रस्ता. केरीचा डोंगराळ भाग होता तो, ह्या टूरचं मुख्य आकर्षण. मी म्हटलं, चला, आज आई खूश होतील, आणि आजच बोलून टाकू. आजचा दिवस गेला की पुढे फक्त विमानतळ.

बसमध्ये चढले तर पहिली सीट रिकामी. आई कुठेत म्हणून मागे बघितलं, तर त्या थेट शेवटच्या लांब सीटवर. लोकांचे कोट एका बाजूला नीट घडी करून ठेवलेले. पिशवी हुकाला, बाटली खाली, पाठीशी उशी, मांडीवर शाल. सगळं बिऱ्हाड मांडलेलं. मी मधल्या बोळातून मागे गेले.

"आई, आज आपली पुढची सीट आहे. तुम्हाला हवी होती ना?"

"मला कुठे हवी होती," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी टाकला होता रुमाल. पुढे बसलं की बस लागत नाही. तुझा नवरा पोटात होता तेव्हा सासवडच्या गाडीत कंडक्टर मला पुढेच बसवायचा."

मला ती सकाळ आठवली, माझे मिटलेले डोळे आठवले.

"मग आज चला ना," मी म्हटलं. "आज आपल्याला कोणी उठवणार नाही."

"आज नाही, उद्या उठवतील. मला नको. ह्या सीटला पाळी नाही. विचारलंय मी ड्रायव्हरला."

"कसं विचारलंत?"

"आय सिट हिअर, फिनिश, म्हटलं. शिक्षिका होते मी." मग त्यांनी शेजारची पर्स उचलली. "बस. आणि सांग आता. आठवडाभर घशात अडकवून फिरतेयस."

"काय सांगू?"

"फ्लॅटचं."

बस सुरू झाली. गाइडने आरशातून मागे बघितलं आणि पुढची सीट त्या मशीनवाल्या आजोबांना देऊन टाकली. मी आईंशेजारी बसले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"खालच्यांचा फोन आला होता. जुलैत. तुम्ही दोघं ऑफिसला गेला होतात. म्हणाले, वहिनी, मुलांनी कळवलंय, तुम्ही काही काळजी करू नका, तुमचं देवघर आहे तिथेच राहील. मी म्हटलं, बरं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. जेवताना तुमच्या तोंडाकडे बघायचे. तुम्ही भाजी वाढायचात."

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. त्या आमच्या घरात कणीक मळत होत्या आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. कड्यावर ऐकू आलं नव्हतं असंही नव्हतं. मला रडू फुटलं. मी काही हळवी बाई नाही, पण इतके महिने साठलेली झोप आणि शरम एकदमच बाहेर आली असावी.

"तुला त्यानेच पाठवलंय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वाटलंच. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायलासुद्धा धाकट्या बहिणीला पुढे करायचा."

रडता रडता मला हसू आलं. नाक पुसलं, आणि मग मी जे विचारलं ते इतक्या रविवारांच्या इतक्या कॉल्समध्ये आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. "आई, तुम्हाला काय हवंय?"

त्या शालीच्या गोंड्यांना पीळ घालत राहिल्या.

"मला भीती वाटते पडायची," त्या म्हणाल्या. "नाही असं नाही. तेव्हा बाथरूममध्ये पडले आणि कामवाली येईपर्यंत तशीच होते. थंडगार फरशी. तेव्हा मलाही वाटलं होतं, जावं कोणाकडेतरी. पण चार महिने इथे, चार तिथे... दर वेळी बॅग. कोणाकडे चमचे कुठल्या खणात, कोणाकडे गरम पाणी कुठल्या बाजूला. जरा हात सरावला की चला, पुढच्यांची पाळी. मी ह्या आठवड्यातच दमले गं. पडले तर माझ्या घरात पडेन. मला एका जागी राहायचंय."

"जिना आहे आई. तिसरा मजला."

"आहे तर आहे. सावकाश चढेन. मला कुठे ऑफिस गाठायचंय."

मी म्हटलं, "मीसुद्धा दमलेय हो."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "झोप."

त्यांनी शाल अर्धी माझ्या अंगावर घातली. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपले. डोंगर, तळी, समुद्राकाठचा तो नावाजलेला रस्ता, सगळे जण खिडक्यांना नाकं लावून बघत होते म्हणे, मी काहीही बघितलं नाही. मागच्या सीटवर बस सगळ्यात जास्त लागते असं म्हणतात. मला लागली नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीतून मी नवऱ्याला फोन केला. त्याच्याकडे दुपार, मागे लोकांचे आवाज.

"सांगितलंस?"

"त्यांनीच मला सांगितलं. जुलैपासून माहितीये त्यांना."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"फ्लॅट द्यायचा नाही," मी म्हटलं. "त्यांना तिथेच राहायचंय."

"असं कसं. सगळं ठरलंय. मी सगळ्यांना काय सांगू?"

"जे मला सांगायला लावलं होतंस तेच. तोंडावर."

"आणि परत पडली तर?" त्याचा आवाज फाटला. तेव्हा मला कळलं की त्याला खरंच भीती वाटते, रोटेशन वगैरे सगळं त्या भीतीला घातलेलं झाकण होतं. "ती तिकडे एकटी पडली तर मी इथून काय करू, सांग ना."

"काही नाही करू शकणार. पण इथे आपल्या घरात पडल्या तरी तू ऑफिसातच असशील. मीही."

त्याने बराच वेळ फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला. लॉबीत कोणीतरी पियानोवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत होतं.

पुढचं फार सुरळीत झालं असं नाही. दीर माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. त्याच्या मते मी भावनेच्या भरात सगळ्यांचा प्लॅन मोडला. नणंद मात्र पुण्याला जाऊन बाथरूममध्ये धरायला दांडे लावून आली, खरखरीत फरशी घातली, सकाळ-संध्याकाळ येणारी बाई ठरवली. खालच्यांना नाही म्हणून कळवलं ते माझ्या नवऱ्याने, स्वतः. ते नाराज झाले. होणारच, त्यांच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. आमचंही चुकलंच होतं, आधी हो म्हणून बसलो होतो.

ऑक्टोबरात आम्ही आईंना ओहेअर विमानतळावर सोडायला गेलो. व्हीलचेअर आली, त्या बसल्या, पर्स मांडीवर घेतली. नवऱ्याने वाकून विचारलं, "आता परत कधी येशील?"

"मला वाटेल तेव्हा," त्या म्हणाल्या. "पाळीने नाही." आणि त्याच्या गालाला हात लावला. तो तसाच वाकून राहिला. व्हीलचेअरवाल्या मुलीने घड्याळ बघितलं, तेव्हा कुठे सरळ झाला.

जानेवारीतल्या एका रविवारी मी फोन लावला. बाहेर बर्फ साचला होता, नवरा ड्राइव्हवे साफ करत होता. मी खांद्यावर फोन धरून भाजी चिरत होते. इकडचं तिकडचं झालं, मग मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"जिन्याचं काय? दम लागतो का?"

"लागतो की. पण दुसऱ्या मजल्यावर थांबते मी. खालच्यांनी जिन्यात खुर्ची ठेवलीय माझ्यासाठी. त्यांच्या दारासमोरच."

"त्यांनी? ते तर रागावले होते ना?"

"रागावलेच होते. दिवाळीत फराळसुद्धा पाठवला नाही. मग एक दिवस मला कठड्याला टेकून उभी बघितलं असेल. दुसऱ्या दिवशी खुर्ची होती. बोलले काही नाही."

"चला, बरं झालं."

"बरं काय. पेपरवाला बसतो, कुरिअरवाला बसतो, वरची पोरं बसतात. आपण धापा टाकत यावं आणि खुर्ची भरलेली." त्या जरा थांबल्या. "म्हणून आता बाहेर पडताना रुमाल टाकून जाते. ह्यांचा, चौकटीचा. कोणी उचलत नाही."